कमांड लाइनद्वारे सर्व्हरवरील भाराचे विभाजन : नेटस्केलर उपकरणाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

प्रवेश अर्जाचा शेवटचा दिवस, परीक्षेचे फॉर्म भरण्याची मुदत किंवा निकालाची दुपार अशा वेळी संकेतस्थळ बंद पडणे हा शिक्षणक्षेत्राला आता परिचित झालेला अनुभव आहे. वर्षातील तीनशेहून अधिक दिवस जो सर्व्हर जवळजवळ रिकामा असतो, त्याच्यावर दोन-तीन दिवसांत हजारो विद्यार्थी एकाच वेळी येतात. यावर 'मोठा सर्व्हर घ्यावा' हे उत्तर सर्वप्रथम सुचते. परंतु तो सर्व्हर कितीही मोठा असला तरी एकच असतो आणि तो बंद पडला की सारेच बंद पडते. त्याऐवजी मध्यम क्षमतेचे तीन-चार सर्व्हर ठेवावेत आणि येणाऱ्या विनंत्या त्यांच्यात वाटून द्याव्यात, हा मार्ग अधिक व्यवहार्य ठरतो. हे वाटप करणाऱ्या यंत्रणेस लोड बॅलन्सर म्हणजेच भार-विभाजक असे म्हणतात.

प्रस्तुत लेखात नेटस्केलर या उपकरणाच्या कमांड लाइनवरून भार-विभाजनाची मांडणी कशी केली जाते आणि त्या प्रत्येक आज्ञेमागे कोणता विचार असतो, याचे विवेचन केले आहे. संगणकशास्त्राबाहेरील प्राध्यापकांनाही महाविद्यालयाच्या तंत्रज्ञान समितीवर काम करताना याविषयी निर्णय घ्यावे लागतात. म्हणून आज्ञांच्या पाठांतरापेक्षा त्यांच्या परिणामांवर येथे भर दिला आहे.

पार्श्वभूमी

भार वाटून देण्याची सर्वांत जुनी व सोपी युक्ती नाव-पत्ता यंत्रणेतच, म्हणजे डीएनएसमध्ये होती. एकाच नावापुढे अनेक पत्ते नोंदवायचे आणि विचारणाऱ्यास ते आळीपाळीने द्यायचे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १७९४ या दस्तऐवजात याची चर्चा आढळते. या युक्तीची मर्यादा स्पष्ट आहे. डीएनएसला सर्व्हर जिवंत आहे की नाही हे ठाऊक नसते आणि एकदा दिलेला पत्ता मधल्या यंत्रणा काही काळ स्मरणात ठेवतात. परिणामी बंद पडलेल्या सर्व्हरचा पत्ता लोकांना मिळतच राहतो.

ही उणीव भरून काढणारी स्वतंत्र उपकरणे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आली. सिस्कोचा लोकलडायरेक्टर आणि एफ-५ कंपनीचे बिग-आयपी ही त्यांतील ठळक नावे. नेटस्केलर ही कंपनीही त्याच काळातील असून २००५ मध्ये ती सिट्रिक्सने विकत घेतली. पुढे २०१८ मध्ये उपकरणाचे नाव 'सिट्रिक्स एडीसी' असे झाले आणि २०२२ मध्ये पुन्हा 'नेटस्केलर' झाले. त्यामुळे जुन्या पुस्तिकांत एकाच वस्तूची दोन नावे आढळतात. आज्ञांचे स्वरूप मात्र बहुतांशी तेच राहिले आहे. मुक्त स्रोत परंपरेतही १९९८ मध्ये सुरू झालेला लिनक्स व्हर्च्युअल सर्व्हर आणि २००१ पासूनचा एचएप्रॉक्सी हे सक्षम पर्याय आहेत. मर्यादित अंदाजपत्रकाच्या महाविद्यालयास तेच अधिक परवडतील. पुढे दिलेल्या संकल्पना त्यांनाही जशाच्या तशा लागू पडतात, केवळ शब्द बदलतात.

नेटस्केलरला ब्राउझरमधून चालवण्याची चित्रमय सोयही आहे. मग कमांड लाइनचा आग्रह का, असा प्रश्न स्वाभाविक आहे. चित्रमय पडद्यावर केलेल्या वीस क्लिक्सचा कोणताही सलग मजकूर मागे राहत नाही. कमांड लाइनवर दिलेल्या वीस ओळी मात्र कागदावर छापता येतात, सहकाऱ्याकडून तपासून घेता येतात, मागील वर्षीच्या ओळींशी ताडून पाहता येतात आणि उपकरण बदलल्यास पुन्हा देता येतात. महाविद्यालयात तंत्रज्ञान विभागाचा माणूस बदलतो तेव्हा या गोष्टीचे मोल विशेष जाणवते.

पत्त्यांचे तीन प्रकार

आज्ञांकडे वळण्यापूर्वी पत्त्यांविषयी स्पष्टता आवश्यक आहे, कारण नवशिक्यांचा बहुतेक गोंधळ येथेच होतो. नेटस्केलरवर मुख्यतः तीन प्रकारचे आयपी पत्ते असतात. पहिला एनएसआयपी. हा उपकरणाचा स्वतःचा, व्यवस्थापनासाठीचा पत्ता. प्रशासक याच पत्त्यावर लॉगिन करतो. दुसरा व्हीआयपी, म्हणजे आभासी पत्ता. विद्यार्थ्याचा ब्राउझर जेथे येऊन थडकतो तो हा. तिसरा एसएनआयपी. विद्यार्थ्याची विनंती स्वीकारल्यानंतर उपकरण मागील खऱ्या सर्व्हरशी जो नवा संपर्क जोडते, तो या पत्त्यावरून जोडते.

पोस्टाच्या व्यवहाराशी तुलना केल्यास असे म्हणता येईल की, पत्र कार्यालयाच्या दर्शनी पत्त्यावर येते. आतील टपाल लिपिक ते योग्य टेबलावर नेऊन देतो आणि उत्तरही त्याच्याच हातून बाहेर जाते. टेबलावरील कर्मचाऱ्यास केवळ लिपिक दिसतो, पत्र पाठवणारा दिसत नाही. या शेवटच्या वाक्याचे परिणाम दूरगामी आहेत. भार-विभाजक बसवल्यानंतर सर्व्हरच्या नोंदवहीत प्रत्येक भेटकर्त्याचा पत्ता एकच, म्हणजे एसएनआयपी, असा दिसू लागतो. 'एका पत्त्यावरून पाच वेळा चुकीचा पासवर्ड आल्यास तो पत्ता अडवावा' असा नियम प्रणालीत असेल, तर पाच विद्यार्थ्यांच्या चुकांमुळे सगळ्यांनाच दार बंद होते! त्यावर उपाय आहे. तो पुढे येईल.

मूलभूत मांडणी

उदाहरणादाखल प्रवेश प्रणालीचे दोन वेब सर्व्हर गृहीत धरू. त्यांचे पत्ते १९२.१६८.१०.११ व १९२.१६८.१०.१२ आणि बाहेरून दिसणारा पत्ता २०३.०.११३.१० असा मानू. शेवटचा पत्ता दस्तऐवजांतील उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी आहे. आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीतच द्याव्या लागतात. येथे त्या उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. ज्या शब्दांपूर्वी आडवी रेघ आहे ते आज्ञेचे पर्याय होत.

इनेबल एनएस फीचर एलबी
अ‍ॅड एनएस आयपी १९२.१६८.१०.५ २५५.२५५.२५५.० -टाइप एसएनआयपी
अ‍ॅड सर्व्हर वेब१ १९२.१६८.१०.११
अ‍ॅड सर्व्हर वेब२ १९२.१६८.१०.१२
अ‍ॅड सर्व्हिस सेवा१ वेब१ एचटीटीपी ८०
अ‍ॅड सर्व्हिस सेवा२ वेब२ एचटीटीपी ८०
अ‍ॅड एलबी व्हीसर्व्हर प्रवेश एचटीटीपी २०३.०.११३.१० ८०
बाइंड एलबी व्हीसर्व्हर प्रवेश सेवा१
बाइंड एलबी व्हीसर्व्हर प्रवेश सेवा२

पहिल्या ओळीने भार-विभाजनाची सोय सुरू होते. दुसरीने आतील पत्ता ठरतो. त्यानंतर 'सर्व्हर' म्हणजे केवळ एका यंत्राचा पत्ता आणि 'सर्व्हिस' म्हणजे त्या यंत्रावर विशिष्ट पोर्टवर चालणारे विशिष्ट काम, हा भेद लक्षात घ्यावा. एकाच यंत्रावर प्रवेश प्रणाली व ग्रंथालयाची सूची अशा दोन सेवा असू शकतात. त्यांतील एक बिघडली तरी दुसरी चालू राहावी म्हणून हा भेद केला आहे. 'व्हीसर्व्हर' हा आभासी सर्व्हर. तो कोठेही यंत्ररूपाने अस्तित्वात नाही. पत्ता, पोर्ट व नियम यांचा तो समुच्चय आहे. 'बाइंड' या आज्ञेने सेवा त्याच्याशी जोडल्या जातात. हे जोडणे म्हणजे नाते आहे, मालकी नव्हे. म्हणून तीच सेवा दुसऱ्या आभासी सर्व्हरलाही जोडता येते.

यानंतर 'शो एलबी व्हीसर्व्हर प्रवेश' ही आज्ञा दिल्यास आभासी सर्व्हरची व प्रत्येक सेवेची स्थिती 'अप' की 'डाऊन' हे पडद्यावर दिसते. दोन्ही सेवा 'अप' दिसल्या की काम झाले असे समजण्याचा मोह होतो. वस्तुतः खरे काम येथून सुरू होते.

सर्व्हरच्या प्रकृतीची तपासणी

सेवा जिवंत आहे की नाही हे उपकरण 'मॉनिटर'द्वारे ठरवते. प्रशासकाने काहीच सांगितले नाही तर अशा सेवेला 'टीसीपी-डिफॉल्ट' नावाचा मॉनिटर आपोआप जोडलेला असतो. तो केवळ एवढेच पाहतो की, सांगितलेल्या पोर्टवर कोणी 'ओ' देते आहे काय. दारावर टकटक केल्यावर आतून आवाज आला, म्हणजे घरात सर्व ठीक आहे असे मानण्यासारखे हे आहे. वेब सर्व्हर चालू आहे, पण त्याचा डेटाबेसशी असलेला संपर्क तुटला आहे, अशी स्थिती वारंवार उद्भवते. तेव्हा सर्व्हर प्रत्येक विनंतीला तत्परतेने 'त्रुटी ५००' असे उत्तर देतो. मॉनिटरला मात्र सारे आलबेल दिसते.

याहून गंभीर परिणाम पुढे आहे. नेटस्केलरची मूळ वाटप पद्धत 'लीस्ट कनेक्शन' ही आहे. म्हणजे ज्या सेवेकडे त्या क्षणी सर्वांत कमी काम शिल्लक आहे तिला पुढची विनंती द्यायची. निरोगी सर्व्हरला एक अर्ज साठवण्यास समजा अर्धा सेकंद लागतो. बिघडलेला सर्व्हर त्रुटीचे उत्तर काही मिलिसेकंदांत देऊन मोकळा होतो. साहजिकच तो सदैव 'रिकामा' दिसतो आणि उपकरण अधिकाधिक विद्यार्थी त्याच्याकडेच पाठवते. दोनपैकी एक सर्व्हर बिघडला तर निम्म्या विद्यार्थ्यांची गैरसोय व्हावी अशी अपेक्षा असते; प्रत्यक्षात जवळजवळ सर्वांचीच होते. भार-विभाजकानेच बिघाड वाढवावा, ही या विषयातील सर्वांत बोधप्रद विसंगती म्हणावी लागेल.

म्हणून मॉनिटरने पोर्टऐवजी कामाची चाचणी घ्यावी :

अ‍ॅड एलबी मॉनिटर तपास एचटीटीपी -रिस्पकोड २०० -एचटीटीपीरिक्वेस्ट "गेट /तपास"
बाइंड सर्व्हिस सेवा१ -मॉनिटरनेम तपास
बाइंड सर्व्हिस सेवा२ -मॉनिटरनेम तपास

आता उपकरण ठरावीक अंतराने 'तपास' हे पान मागवते आणि २०० हा यशाचा संकेत आला तरच सेवा 'अप' मानते. स्वतःचा मॉनिटर जोडल्यावर मूळचा टीसीपी मॉनिटर आपोआप बाजूला होतो. मूळ निर्धारित मूल्यांनुसार ही चाचणी दर ५ सेकंदांनी होते, उत्तरासाठी २ सेकंद वाट पाहिली जाते आणि सलग ३ वेळा अपयश आल्यास सेवा 'डाऊन' ठरते. याचा अर्थ सर्व्हर गोठल्यापासून साधारण १५ सेकंदांच्या आसपास काही विनंत्या त्याच्याकडे जातच राहणार, हे गृहीत धरले पाहिजे. 'डाऊन' ठरलेल्या सेवेची पुन्हा चाचणी ३० सेकंदांनी होते. ही मूल्ये फार कमी केल्यास ऐन गर्दीत क्षणभर मंदावलेला निरोगी सर्व्हरही बाद होतो आणि त्याचा भार उरलेल्यावर पडून तोही बाद होतो. घाईपेक्षा थोडा उशीर येथे बरा.

'तपास' या पानाने नेमके काय तपासावे, हा प्रश्न उपकरणाचा नसून प्रणाली लिहिणाऱ्याचा आहे. तरीही तो विचारणे समितीचे काम आहे. त्या पानाने काहीच न तपासता 'ठीक' म्हटले तर टीसीपी मॉनिटरपेक्षा ते फारसे वेगळे नाही. उलट त्याने दोन्ही सर्व्हरना समाईक असलेल्या डेटाबेसवर जड प्रश्न टाकला, तर डेटाबेस मंदावताच दोन्ही सेवा एकदम 'डाऊन' होतात आणि विद्यार्थ्याला निदान 'कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा' असे सांगणारे पानही मिळत नाही. डेटाबेसचा संपर्क आहे की नाही एवढेच हलकेच पाहणारे पान असावे, हा मध्यममार्ग सर्वसाधारणपणे योग्य ठरतो.

वाटपाच्या पद्धती

पद्धती अनेक आहेत. तथापि महाविद्यालयीन गरजेच्या दृष्टीने त्यांचा विस्तार करण्याचे कारण नाही. 'राउंड रॉबिन' पद्धतीत विनंत्या आळीपाळीने दिल्या जातात. सर्व विनंत्या सारख्याच वजनाच्या असतील तर ती पुरेशी आहे. प्रवेश प्रणालीत मात्र मुखपृष्ठ पाहणे आणि छायाचित्रासह अर्ज सादर करणे यांत मोठा फरक असल्याने 'लीस्ट कनेक्शन' अधिक न्याय्य ठरते. सर्व्हर असमान क्षमतेचे असल्यास बाइंड आज्ञेत '-वेट' हा पर्याय देऊन मोठ्या सर्व्हरला अधिक वाटा देता येतो. एक तपशील मात्र उल्लेखनीय आहे. नव्याने सुरू झालेल्या सर्व्हरकडे शून्य काम असल्याने 'लीस्ट कनेक्शन' नियमानुसार सगळी गर्दी एकदम त्याच्यावर कोसळेल. हे टाळण्यासाठी उपकरण आरंभी काही काळ आपणहून राउंड रॉबिन पद्धतीने वागते. त्यामुळे मांडणी केल्यावर लगेच आकडे पाहणाऱ्यास 'पद्धत लागूच झाली नाही' असा भ्रम होऊ शकतो.

सत्राचे सातत्य

अर्ज पाच पानांचा आहे अशी कल्पना करावी. विद्यार्थिनीने तीन पाने भरली. ती माहिती पहिल्या सर्व्हरच्या स्मृतीत आहे. चौथ्या पानाची विनंती दुसऱ्या सर्व्हरकडे गेली. त्याला ही विद्यार्थिनी ठाऊकच नाही; तो तिला पुन्हा लॉगिनच्या पानावर आणून सोडतो. तालुक्याच्या गावी सेवा केंद्रात रांग लावून, शुल्क देऊन अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ही केवळ तांत्रिक त्रुटी राहत नाही. त्याचा दिवस आणि प्रसंगी प्रवेश जातो.

यासाठी 'पर्सिस्टन्स', म्हणजे एकदा जोडलेल्या ग्राहकास त्याच सर्व्हरकडे पाठवत राहण्याची सोय, वापरली जाते. ती अनेक प्रकारे साधता येते. ग्राहकाच्या आयपी पत्त्यावरून ओळख ठेवणे हा सोपा प्रकार. पण आपल्याकडील परिस्थितीत तो दोन बाजूंनी फसतो. सेवा केंद्रातील किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील सर्व संगणक बाहेर एकाच पत्त्याने दिसतात आणि मोबाइल कंपन्यांचे असंख्य ग्राहकही मोजक्या पत्त्यांआड असतात. म्हणून मोठा समूह एकाच सर्व्हरवर जाऊन वाटप बिघडते. दुसरीकडे, वाय-फायवरून मोबाइल डेटावर गेलेल्या विद्यार्थ्याचा पत्ता बदलतो आणि त्याचे सत्र तुटते. शिवाय मूळ कालमर्यादा २ मिनिटांची आहे. गुणपत्रिका शोधण्यास तेवढा वेळ सहज लागतो.

त्यापेक्षा कुकीचा मार्ग अधिक विश्वासार्ह आहे :

सेट एलबी व्हीसर्व्हर प्रवेश -पर्सिस्टन्सटाइप कुकीइन्सर्ट -टाइमआउट ०

यात उपकरण पहिल्या उत्तरासोबत ब्राउझरला स्वतःची एक कुकी देते आणि पुढील प्रत्येक विनंतीत ती वाचून ग्राहक कोणत्या सेवेचा आहे हे ओळखते. कालमर्यादा शून्य ठेवल्याने कुकीला समाप्तीची वेळ राहत नाही आणि ब्राउझर बंद होईपर्यंत ती टिकते. कुकी घालता व वाचता यावी म्हणून उपकरणाला विनंतीचा मजकूर दिसणे आवश्यक असते. आज संकेतस्थळे एचटीटीपीएसवर चालतात. तेव्हा आभासी सर्व्हर 'एसएसएल' प्रकारचा करून प्रमाणपत्र उपकरणावर बसवावे लागते. 'एसएसएल ब्रिज' प्रकारात मजकूर न उलगडता पुढे जातो, म्हणून तेथे हा उपाय चालत नाही.

तरीही सातत्याची ही सोय म्हणजे औषध नव्हे, वेदनाशामक आहे. सर्व्हर खरोखरच बंद पडला तर त्याच्या स्मृतीतील तीन पाने त्याच्यासोबत जातात. सत्राची माहिती डेटाबेसमध्ये किंवा सर्व सर्व्हरना समाईक अशा साठ्यात ठेवणे हाच पक्का उपाय होय आणि प्रणाली विकत घेतानाच विक्रेत्याकडून ती अट मान्य करून घ्यावी.

आता पूर्वी उल्लेखिलेल्या पत्त्याच्या प्रश्नाकडे वळता येईल. 'सेट सर्व्हिस सेवा१ -सीआयपी इनेबल्ड एक्स-फॉरवर्डेड-फॉर' आणि सेवा२ साठीही तशीच ओळ दिल्यास ग्राहकाचा खरा पत्ता विनंतीच्या शीर्षभागात जोडून पुढे जातो. सर्व्हरने नोंदवहीत तो लिहावा. मात्र असा शीर्षभाग कोणीही बनावट करू शकतो. म्हणून एसएनआयपीवरून आलेल्या विनंतीतच त्यावर विश्वास ठेवावा आणि खऱ्या सर्व्हरपर्यंत बाहेरून थेट पोहोचता येणार नाही अशी व्यवस्था करावी.

चालू प्रणालीची देखभाल

भार-विभाजनाचा एक लाभ अनेकदा दुर्लक्षित राहतो. गर्दी नसतानाही, भर दिवसा, कोणासही न कळता एक सर्व्हर दुरुस्तीसाठी बाजूला काढता येतो. 'डिसेबल सर्व्हिस सेवा२ १८००' या आज्ञेने सेवा२ लगेच बंद होत नाही. पुढील १८०० सेकंद, म्हणजे अर्धा तास, ज्यांचे सत्र आधीच तिच्याशी जोडलेले आहे त्यांनाच ती सेवा देते. नवे विद्यार्थी सेवा१ कडे जातात. अर्ध्या तासानंतर सर्व्हरवर सुधारणा कराव्यात आणि 'इनेबल सर्व्हिस सेवा२' म्हणून तो पुन्हा रांगेत आणावा. दरम्यान 'स्टॅट एलबी व्हीसर्व्हर प्रवेश' या आज्ञेने कोणत्या सेवेकडे किती विनंत्या जात आहेत हे पाहता येते.

येथवर दिलेल्या सर्व आज्ञा तत्क्षणी लागू होतात, परंतु त्या उपकरणाच्या चालू स्मृतीतच असतात. 'सेव्ह एनएस कॉन्फिग' ही आज्ञा दिल्याशिवाय त्या 'एनएस.कॉन्फ' या संचिकेत उतरत नाहीत. ही आज्ञा राहून गेली तर महिनोन्महिने सर्व सुरळीत चालते आणि एखाद्या रात्री वीज जाऊन आल्यावर जुनी मांडणी परत येते. जतन केलेल्या संचिकेची प्रत उपकरणाबाहेर ठेवणेही तितकेच आवश्यक आहे.

सुरक्षा आणि जोडउपकरण

ज्या उपकरणातून सगळी वाहतूक जाते ते हल्लेखोरांनाही मोलाचे वाटते. डिसेंबर २०१९ मध्ये या उपकरणातील सीव्हीई-२०१९-१९७८१ हा दोष उघड झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीव्हीई-२०२३-४९६६ हा 'सिट्रिक्स ब्लीड' नावाने कुप्रसिद्ध झालेला दोष जाहीर झाला. दुसऱ्या प्रकरणात उपकरणाच्या स्मृतीतून चालू सत्रांच्या खुणा गळत होत्या; त्यामुळे दुरुस्ती बसवल्यानंतरही आधीची सर्व सत्रे बंद करणे भाग होते, अन्यथा चोरलेली सत्रे तशीच वापरता येत होती. हा दोष गेटवे किंवा प्रमाणीकरणाच्या आभासी सर्व्हरसाठी मांडलेल्या उपकरणांना लागू होता, केवळ भार-विभाजन करणाऱ्यांना नव्हे. यावरून, न लागणाऱ्या सोयी सुरू न ठेवण्याचे कारण स्पष्ट व्हावे. एनएसआयपी इंटरनेटवरून दिसता कामा नये, मूळ पासवर्ड पहिल्याच लॉगिनला बदलावा आणि दुरुस्त्या कोण व कधी बसवणार हे खरेदीच्या करारातच लिहिलेले असावे.

शेवटचा मुद्दा उपकरणाच्या स्वतःच्या बिघाडाचा. दोन सर्व्हरपुढे एकच भार-विभाजक ठेवल्यास एकटेपणाचा धोका सर्व्हरकडून उपकरणाकडे सरकतो, इतकेच. म्हणून नेटस्केलर जोडीने बसवले जाते. प्रत्येक उपकरणावर 'अ‍ॅड एचए नोड १' असे लिहून पुढे दुसऱ्याचा एनएसआयपी दिला की जोडी जमते. एक मुख्य राहते, दुसरे तयारीत थांबते आणि मुख्य उपकरणावरील मांडणी दुसऱ्याकडे आपोआप उतरत राहते. मूळ मूल्यांनुसार दोघे दर २०० मिलिसेकंदांनी एकमेकांस संदेश पाठवतात आणि ३ सेकंद संदेश न आल्यास दुसरे ताबा घेते. ही अदलाबदल प्रवेश सुरू होण्याच्या आठवडाभर आधी 'फोर्स एचए फेलओव्हर' ही आज्ञा देऊन, एखादा सहकारी नमुना अर्ज भरत असताना करून पाहावी. चालू असलेला टीसीपी संपर्क त्या क्षणी तुटतो, कारण संपर्क टिकवण्याची सोय मुळात बंद असते. ब्राउझर पान पुन्हा मागतो, सोबत कुकीही येते आणि अर्ज होता त्याच सर्व्हरवर, होता त्याच पानावर उघडतो.